चर्चमधली चोरी वहीत सापडत नाही, कारण ती वहीच्या आधी होते

वसईतल्या एका धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या स्थानिक मंडळीच्या) फायनान्स कमिटीवर नुकतेच आलेले एक गृहस्थ विचारतात: अमेरिकेतल्या कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरूंनी आणि हिशेबनिसांनी वर्षानुवर्षं लाखो डॉलर हडप केल्याच्या बातम्या वाचतो. तिथे ऑडिट होत नव्हतं का? आणि आमच्याकडे दरवर्षी सीए ऑडिट करून जातो, तर आम्ही निर्धास्त राहायला हरकत आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हरकत आहे, आणि मोठी आहे.

मी सीए आहे. सार्वजनिक न्यासांची ऑडिट करण्यात बरीच वर्षं गेली. त्यात चर्च होती, देवस्थानं होती, शाळा होत्या. ऑडिटर जे तपासतो ते सगळं वहीत आलेलं असतं: कॅशबुक, पावतीपुस्तकं, व्हाउचर, बँकेचं स्टेटमेंट. रविवारी दानाच्या थैल्यांत समजा ४२ हजार रुपये पडले आणि कॅशबुकात ३४ हजार चढले. बँकेतही ३४ हजारच भरले. वही आणि बँक यांचा मेळ तंतोतंत बसतो, ऑडिटर सही करतो, आणि ८ हजारांचा कागद कुठेच नसतो, कारण थैलीत नोट टाकणाऱ्याला कोणी पावती देत नाही. मिस्सा (रविवारची उपासना) संपल्यापासून पैसे मोजून कागदावर आकडा लिहिला जाईपर्यंतचा वेळ ऑडिटच्या कक्षेबाहेर आहे. माझ्या मते चर्चच्या पैशाची सुरक्षितता जवळजवळ पूर्णपणे त्या वेळात ठरते. कमिट्या मात्र आपली ताकद ताळेबंदावर खर्च करतात.

आता अमेरिका. २००७च्या सुरुवातीला व्हिलानोव्हा या कॅथलिक विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांनी देशभरातल्या धर्मप्रांतांच्या (एका बिशपांच्या हाताखालच्या सगळ्या धर्मग्रामांचा मिळून एक धर्मप्रांत) वित्त अधिकाऱ्यांना प्रश्नावली पाठवून केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. ७८ धर्मप्रांतांनी उत्तरं दिली. त्यातल्या ८५ टक्क्यांनी सांगितलं की मागच्या पाच वर्षांत आपल्याकडे अपहार उघडकीला आला आहे. ११ टक्क्यांनी चोरीची रक्कम ५ लाख डॉलरहून जास्त असल्याचं कळवलं. हे आकडे चर्चच्या टीकाकारांचे नाहीत, चर्चच्याच वित्त अधिकाऱ्यांनी दिलेले आहेत. तेही फक्त सापडलेल्या चोऱ्यांचे.

फ्लोरिडातल्या डेलरे बीचचं प्रकरण त्याच सुमाराचं. सेंट व्हिन्सेंट फेरर चर्चमध्ये एकच धर्मगुरू जवळपास चार दशकं प्रमुख होते. २००३ मध्ये त्यांच्या जागी दुसरे आले. २००६ मध्ये दोघांनाही अटक झाली आणि तपास यंत्रणेने आरोप केला तो ८६ लाख डॉलरचा. दानातली रोकड धर्मप्रांताला माहीत नसलेल्या खात्यांत वळवली जात होती आणि तिथून दुर्मीळ नाणी, आयर्लंडमधली मालमत्ता, जुगाराच्या सहली यांवर खर्च होत होती, असं पोलिसांचं म्हणणं होतं. २००९ मध्ये पहिल्यांनी गुन्हा कबूल केला आणि त्यांना १४ महिन्यांची शिक्षा झाली. दुसऱ्यांना ज्युरीने दोषी ठरवलं, त्यांना ४ वर्षांची झाली. पण आरोपाच्या रकमेच्या मानाने न्यायालयात सिद्ध झालेली रक्कम फारच लहान होती. याचं कारण ध्यानात घ्या: न मोजलेली रोकड नंतर सिद्धही करता येत नाही.

लास वेगासमध्ये आणखी एक ज्येष्ठ धर्मगुरू (मॉन्सिन्योर) २००२ ते २०१० या काळात सुमारे ६.५ लाख डॉलर घेत राहिले. त्यांना जुगाराचं व्यसन होतं. पैसे गेले ते मुख्यतः मेणबत्त्यांच्या पेट्यांतून आणि चर्चच्या भेटवस्तूंच्या दुकानातून. रविवारच्या दानाकडे सगळ्यांचं लक्ष असतं. मेणबत्तीच्या स्टँडखालच्या पेटीकडे कोणाचंच नसतं. वर्षअखेरीला तेच धर्मगुरू धर्मप्रांताला सहीनिशी आर्थिक विवरण पाठवत. ही खोटी विवरणं पाठवल्याबद्दलच त्यांच्यावर खटला चालला आणि २०१२ मध्ये ३७ महिन्यांची शिक्षा झाली. ज्याच्या हातात पैसा, त्याच्याच हातात अहवाल, असा तो कारभार होता.

दुसरी पद्धत मला जास्त धोक्याची वाटते, कारण तिच्यात रोकडीला हातही लावावा लागत नाही. लॉस एंजेलिसजवळ टॉरन्स इथे सेंट जेम्स चर्चची शाळा आहे. तिथल्या मुख्याध्यापिका २८ वर्षं त्या पदावर असलेल्या सिस्टर होत्या. पालक शाळेच्या नावाने फीचे आणि देणग्यांचे चेक देत. त्यातले काही चेक शाळेच्या खात्यात न जाता फार पूर्वी कॉन्व्हेंटसाठी उघडलेल्या, विस्मरणात गेलेल्या एका खात्यात भरले जात. नावं इतकी मिळतीजुळती की बँकेने कधी हरकत घेतली नाही. दहा वर्षांत सुमारे ८.३५ लाख डॉलर असे गेले. २०१८ मध्ये एका कुटुंबाने आपल्या जुन्या चेकची प्रत मागितली, मागच्या बाजूचा शिक्का कोणीतरी नीट वाचला, आणि सगळं बाहेर आलं. २०२२ मध्ये त्या सिस्टरना एक वर्ष एक दिवसाची कैद झाली. इतकी वर्षं शाळेच्या वह्या बिनचूक जुळत होत्या, कारण ते खातं वह्यांमध्ये नव्हतंच.

म्हणून तुम्हाला एक काम लगेच सांगतो. चर्चच्या पॅनवर आणि चर्चच्या नावाशी मिळत्याजुळत्या नावांवर कोणकोणत्या बँकांत कोणती खाती आहेत, याची यादी बँकेकडून लेखी मागवा. ऑफिसने दिलेल्या यादीवर थांबू नका. आपल्याकडे चर्चभोवती संस्थांची वस्ती असते: फेस्त (चर्चचा वार्षिक सण) कमिटी, बांधकाम निधी, सोडॅलिटी (भक्तिमंडळ), महिला मंडळ, युवक संघटना, गरिबांना मदत करणारी सेंट व्हिन्सेंट द पॉल संस्था, दफनभूमीचा निधी. प्रत्येकाचं कधीतरी खातं उघडलेलं असतं आणि त्यातली काही पुढे कोणाच्या लक्षातही राहत नाहीत. हीच खाती बंद करायची किंवा ताळेबंदात आणायची. त्याच फेरीत दाराशी, स्टॉलवर, दानपेटीवर चिकटवलेले क्यूआर कोड तपासा. प्रत्येकावर एक रुपया पाठवून पाहा आणि तो कोणाच्या नावावर जातो ते लिहून ठेवा. कोड बदलायला एक स्टिकर पुरतं, आणि भाविक मोबाइलवर आलेलं नाव क्वचितच वाचतात.

आता ऑडिट का कमी पडतं, याचं एक कारण चर्चच्या रचनेतच आहे, ते सांगतो. १९८३च्या कॅनन कायद्यानुसार (कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या अंतर्गत कायद्यानुसार) धर्मग्रामाला स्वतःचं कायदेशीर व्यक्तित्व आहे, आणि कलम ५३२ प्रमाणे सर्व व्यवहारांत त्याचं प्रतिनिधित्व एकटे प्रमुख धर्मगुरू करतात. कलम ५३७ने प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती सक्तीची केली आहे. ती नेमायची की नाही, हा पर्याय फादरांना नाही. पण त्या समितीचं काम ‘साहाय्य’ करण्याचं. ती सल्ला देऊ शकते, निर्णय अडवू शकत नाही. ज्या चर्चमध्ये फादर सल्ला ऐकतात तिथे समिती जिवंत असते, आणि जिथे नाही तिथे वर्षातून एकदा चहा पिऊन ताळेबंदावर सह्या करते.

अमेरिकेत हा मुद्दा थेट विधिमंडळात गेला. कनेक्टिकटमधल्या डेरियन गावच्या सेंट जॉन चर्चच्या प्रमुख धर्मगुरूंनी गुप्त खात्यातून दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम स्वतःच्या चैनीवर उडवली होती. त्यांना २००७ मध्ये ३७ महिन्यांची शिक्षा झाली. अशा प्रकरणांनंतर २००९ मध्ये राज्याच्या विधिमंडळात एक विधेयक आलं: कॅथलिक धर्मग्रामांची आर्थिक सत्ता प्रापंचिकांच्या (धर्मगुरू नसलेल्या सामान्य भाविकांच्या) निवडलेल्या मंडळाकडे द्यावी. सरकार चर्चची अंतर्गत रचना ठरवणार का, यावर कॅथलिकांनी एवढा विरोध केला की विधेयक सुनावणीआधीच मागे घ्यावं लागलं. मला तो विरोध रास्त वाटतो. पण त्यातून एक जबाबदारी चर्चवर आली: बाहेरून नियम नको असतील तर आतले नियम पाळले गेले पाहिजेत. आणि आतले नियम कमी नाहीत. कलम १२८४ नीटनेटक्या वह्या आणि वार्षिक अहवाल मागतं. कलम १२८७ बिशपांना हिशेब द्यायला सांगतंच, शिवाय भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांनाही द्यायला सांगतं. कलम १२६७ म्हणतं की ज्या कारणासाठी दान दिलं त्याच कारणासाठी ते वापरावं. २०२१ मध्ये दंडविषयक भाग नव्याने लिहिला गेला. त्यात चर्चच्या मालमत्तेची चोरी हा गुन्हा आहेच, शिवाय तिच्या व्यवस्थापनातला गंभीर निष्काळजीपणाही शिक्षापात्र ठरवला आहे. म्हणजे ‘मी चोरलं नाही, फक्त लक्ष दिलं नाही’ हे आता पुरेसं उत्तर राहिलेलं नाही.

यातलं एक कलम आपल्याकडे फार दुर्लक्षित आहे. मिस्सा अर्पण करण्यासाठी लोक जे पैसे देतात, त्यांची वेगळी नोंदवही ठेवायला कलम ९५८ सांगतं: किती मिस्सा, कोणत्या उद्देशाने, किती अर्पण, आणि त्या अर्पण झाल्या की नाही. ही वही दरवर्षी बिशपांनी किंवा त्यांच्या प्रतिनिधीने तपासली पाहिजे, असंही त्यातच आहे. मृतांच्या महिन्यात, नोव्हेंबरमध्ये, ही रक्कम किती होते ते तुम्हाला ठाऊक असेलच. कमिटीवर आल्यावर ही वही मागायला संकोच करू नका.

महाराष्ट्रात यावर राज्याचा कायदाही आहे. आपलं चर्च स्वतंत्र सार्वजनिक न्यास आहे की धर्मप्रांताच्या न्यासाचा भाग, आणि नोंदणीत विश्वस्त म्हणून कोणाची नावं आहेत, हे पहिल्या बैठकीतच विचारा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे हिशेब ठेवणं आणि त्यांचं ऑडिट करून घेणं बंधनकारक आहे, स्थावर मालमत्ता विकायला कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते, कर्ज काढायलाही परवानगी लागते. ऑडिटरने काय लिहावं याची यादी नियमांत आहे: ऑडिटच्या दिवशी हातातली रोकड वहीशी जुळली का, ५ हजार रुपयांहून मोठ्या दुरुस्तीसाठी निविदा मागवल्या का, कोणा विश्वस्ताचा व्यवहारात स्वार्थ होता का. हे मुद्दे प्रत्येक अहवालात असतात. कमिट्या मात्र तेरीज (आकड्यांचा गोषवारा) वाचतात आणि ही प्रश्नोत्तरांची पानं उलटून टाकतात. तुम्ही उलटं करा. गोव्यात हा कायदा लागू नाही. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या फाब्रिका (चर्चची मालमत्ता सांभाळणारी मंडळं) आणि कॉन्फ्रारिया (भाविकांचे बंधुसंघ) यांच्या चौकटीत कारभार चालतो, त्यामुळे तिथल्या नातेवाइकांचा अनुभव इथे जसाच्या तसा लावू नका. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्या लोकांनी पाठवलेली देणगी विदेशी देणगी ठरते आणि ती दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरावीक खात्यातच यावी लागते, हेही फेस्तच्या आधी कमिटीला सांगून ठेवा. चांगल्या हेतूने घेतलेली अशी एक देणगीसुद्धा न्यासाला अडचणीत आणते.

आता मिस्सा संपल्यानंतरच्या त्या पहिल्या तासाकडे येतो. माझा सगळा आग्रह इथेच आहे.

थैल्या वेदीपाशी आल्या की त्या सॅक्रिस्टीत (वेदीमागच्या खोलीत) उघड्या पडून राहता कामा नयेत. मिस्सा संपेपर्यंत कुलपाच्या पेटीत, किंवा क्रमांक छापलेल्या, एकदाच बंद होणाऱ्या पिशवीत. पिशवीचा क्रमांक दोघांनी लिहून ठेवायचा. मोजणी निदान तिघांनी करायची. तिघं एका घरातले नसावेत आणि ऑफिसच्या वह्या लिहिणारा त्यात नसावा. पाळ्या बदलत राहाव्यात, म्हणजे तेच तिघं वर्षभर नसावेत. मोजणीचा कागद शाईने, नोटांच्या मूल्याप्रमाणे, खाडाखोड न करता, तिघांच्या सह्यांसह. त्याची एक प्रत ऑफिसला, एक प्रत कमिटीतल्या अशा सदस्याकडे ज्याचा रोकडीशी संबंध नाही. दानाच्या रोकडीतून कोणताही खर्च करायचा नाही, माळ्याची मजुरीसुद्धा नाही. जे मोजलं ते सगळंच्या सगळं दुसऱ्या दिवशी बँकेत. महिन्याअखेरीला रोकडीशी संबंध नसलेला तो कमिटी सदस्य मोजणीचे कागद आणि बँकेच्या नोंदी शेजारी ठेवून पाहतो. एवढंच काम, महिन्याला अर्धा तास. मेणबत्तीच्या पेट्या, नोव्हेनाची (नऊ दिवसांच्या प्रार्थनेची) पेटी, फेस्तचे स्टॉल, हॉलचं भाडं, दफनभूमीची फी या सगळ्यांना हाच नियम.

मिस्सानंतर फळ्यावर किंवा पत्रकात मागच्या रविवारचं दान किती झालं हे छापा. हे छापलं की मोजणी करणाऱ्या तिघांच्या डोक्यातला आकडा आणि छापलेला आकडा यांची तुलना आपोआप होते. माझ्या अनुभवात एवढ्या साध्या सवयीने जेवढी शिस्त येते तेवढी जाड अहवालांनी येत नाही.

खर्चाच्या बाजूचं थोडक्यात. न्यूयॉर्कच्या आर्चडायोसिसमध्ये (महाधर्मप्रांतात) एका कर्मचारी बाईंनी दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम छोट्या छोट्या चेकांनी काढली. २,५०० डॉलरपर्यंतच्या चेकला वरिष्ठांची मंजुरी लागत नव्हती, म्हणून प्रत्येक चेक त्याखालचा. २०१२ मध्ये हे बाहेर आलं, आणि मग कळलं की त्यांना आधीही चोरीबद्दल शिक्षा झाली होती, पण नोकरीवर घेताना कोणी तपासलं नव्हतं. मर्यादा ठरवली की तिच्या खालोखालचे व्यवहार एकत्र काढून पाहायचे, हा त्यातला धडा. कोऱ्या चेकवर सही करून ठेवणं आपल्याकडे ‘फादर गावाला गेलेत’ या कारणाने सर्रास चालतं. ते ताबडतोब थांबवा.

आपल्या धर्मप्रांतांत धर्मगुरूंच्या बदल्या काही वर्षांनी होतात, त्यामुळे डेलरे बीचसारखी चाळीस वर्षांची सत्ता इथे सहसा तयार होत नाही. हा आपला मोठा फायदा आहे, आणि प्रत्येक बदलीच्या वेळी रोकड, खाती, दागिने आणि मुदतठेवींची लेखी सोपवणी झाली तरच तो उपयोगी पडतो. पण आपल्याकडे वर्षानुवर्षं एकाच जागी राहतो तो ऑफिसमधला हिशेबनीस. फादर येतात आणि जातात. चाव्या, पासवर्ड आणि जुनी पावतीपुस्तकं त्याच्याकडे. तो बहुधा प्रामाणिक, कमी पगारावर राबणारा माणूस असतो. म्हणूनच त्याला वर्षातून सलग पंधरा दिवस सक्तीची रजा द्या आणि त्या काळात काम दुसऱ्याला करू द्या. लपवाछपवी असेल तर ती रोज सांभाळावी लागते, रजेत ती उघडी पडते. नसेल तर माणसाला विश्रांती मिळते.

तुमच्या कमिटीत कोणीतरी नक्की म्हणेल की फादरांवर अविश्वास दाखवता का. त्यांना संत पौलाचं उदाहरण द्या. जेरुसलेमच्या गरिबांसाठी जमवलेलं दान नेताना त्याने तीतासोबत मंडळ्यांनी निवडलेले भाऊ पाठवले, आणि कारणही लिहून ठेवलं: एवढ्या मोठ्या दानाबद्दल कोणी आपल्यावर ठपका ठेवू नये, आपण प्रभूसमोर आणि माणसांसमोरही सरळ असावं. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. मी अनेक धर्मगुरू असे पाहिले आहेत जे अडीअडचणीला स्वतःचे पैसे घालून चर्च चालवतात. त्यांच्यावर कोणी कुजबुजीने संशय घेतला, तर तिघांनी सह्या केलेला मोजणीचा कागद नसल्यामुळे त्यांना निर्दोष असल्याचं दाखवता येत नाही. ही व्यवस्था सगळ्यात जास्त त्यांच्यासाठी आहे.

आणि खरंच काही खटकलं तर? कोणाला जाब विचारू नका, गावात बोलू नका. ज्या कागदांवर तुमचा कमिटी सदस्य म्हणून हक्क आहे त्यांच्या प्रती ठेवा, तारखा लिहा. मग धर्मप्रांताच्या वित्त कार्यालयाला आणि बिशपांना लेखी कळवा, पोच घ्या, आणि उत्तरासाठी ठरावीक मुदत मागा. उत्तर आलं नाही तर न्यासाचे लाभार्थी म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे चौकशीची मागणी करता येते. अपहार उघड दिसत असेल तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खालचा विश्वासघाताचा गुन्हा आहे, पोलिसांकडे जाता येतं. चर्चचा हिशेबनीस किंवा साहाय्यक धर्मगुरू तुमच्याकडे काही सांगायला आला, तर त्याचं नाव आधी सुरक्षित करा. डेरियनमध्ये गुप्त खातं उघडकीला आणलं ते चर्चच्याच हिशेबनीस बाईंनी आणि साहाय्यक धर्मगुरूंनी. आपलं म्हणणं पुढे सरकत नाही असं वाटल्यावर त्यांनी खाजगी गुप्तहेर नेमला होता. दोघंही पुढे त्या चर्चमध्ये राहिले नाहीत. तुमच्या कमिटीने तक्रार कोणाकडे करायची आणि तक्रार करणाऱ्याची नोकरी कशी टिकेल, याचा ठराव आत्ताच, कोणतंही प्रकरण समोर नसताना, करून घ्यावा.